टायर प्रकल्प: हिमालयनची जोडी, बाबांची स्प्लेंडर, आणि ऑनलाइन का दुकान

३० ऑगस्ट २०२५, शनिवार

गाड्या दोन आहेत. माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, २०१९ची, आणि बाबांची जुनी स्प्लेंडर. हिमालयनचा मागचा टायर मधल्या पट्ट्यात गोटा व्हायला आलाय, टीडब्ल्यूआयला टेकलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघितलं की रबराचा एक बारका बांध दिसतो, नक्षी झिजून त्या बांधाला आली की टायर संपला. कायद्याने दुचाकीला कमीत कमी ०.८ मिमी खोली पाहिजे, पण यवतेश्वरच्या घाटात पावसात ०.८ वर उतरायचं धाडस ज्याला करायचंय त्याने करावं, मी नाही करणार.

पुढचा टायर नक्षीने चांगला दिसतो पण कंपनीतून आलेलाच आहे, म्हणजे सहा वर्षं झाली. गाडी २४,६०० किमी चाललीय. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, बारीक चिरा पडल्यात आणि नख दाबलं तर रबर दाबल्यासारखं वाटतच नाही. ओल्या रस्त्यावर मध्येच पुढचं चाक थोडं सरकतं ते मी इतके दिवस रस्त्यावर ढकलत होतो, आता टायरवर ढकलतो. दोन्ही बदलायचे, दिवाळीत आंबेनळी घाटाने खाली पोलादपूरला आणि पुढे कोकणात जायचंय त्याच्या आधी.

स्प्लेंडरचा मागचा पण फाटायला आलाय. बाबा म्हणतात अजून सहा महिने जाईल, हे ते मागच्या दिवाळीपासून म्हणतायत.

३१ ऑगस्ट

गौरी आल्यात, घरात पाहुण्यांची गर्दी, तरी मधल्या वेळात पार्किंगमध्ये बसून टायरवरचे आकडे उतरवून घेतले. हे काम पहिलं करायचं, दुकान नंतर.

हिमालयन पुढे ९०/९०-२१ ५४एस, मागे १२०/९०-१७ ६४एस. पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, शेवटचा रिमचा इंच. ५४ आणि ६४ हे वजनाचे कोड, ५४ म्हणजे २१२ किलो, ६४ म्हणजे २८० किलो, आणि एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. माझी हिमालयन १८० ला जाणार नाही, दरीत ढकलली तर कदाचित. पण मागे सामान आणि बायको बसते त्यामुळे ६४ च्या खालचा घ्यायचा नाही हे पक्कं.

चाकं तारांची, म्हणजे ट्यूब लागणारच.

स्प्लेंडर २.७५-१८ दोन्हीकडे, पण पुढे ४पीआर आणि मागे ६पीआर, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. साइज सेम म्हणून पुढचाच टायर मागे टाकून देणारे महाभाग आहेत, जरा लक्ष ठेवावं.

तारीख चार आकड्यांची असते, अंडाकृती चौकटीत. मागच्यावर ४०२१, म्हणजे २०२१चा ४०वा आठवडा. पुढच्यावर १८१९.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी कौन्सिलचं जाहीर झालं, टायर २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेला. आता सगळ्यांनी हिशोब चालू केलाय की दहा टक्के स्वस्त होणार, तसं नाहीये ते. मूळ किंमत ३,००० असेल तर आधी ३,८४० पडत होता, आता ३,५४० पडेल, म्हणजे ३,८४० वर ३०० रुपये, शंभरामागे पावणेआठच्या आसपास. तेही कंपनीने आणि दुकानदाराने पूर्ण खाली सोडलं तर.

तरी दोन टायरचे मिळून पाचशेच्या वर वाचतायत, थांबायला काय जातंय. मागचा टायर अजून तीन आठवडे गावातल्या गावात चालेल, घाट बंद.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज रस्ते मोकळे, म्हणून साताऱ्यात दुकानं फिरलो. तीन ठिकाणी विचारलं.

पहिल्या दुकानात माणूस मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला हिमालयनचा नसतो ओ, ऑनलाइन बघा. सरळ माणूस, आवडला.

दुसऱ्या दुकानात मागचा १२०/९० नव्हता पण १२०/८०-१७ काढून दाखवला, म्हणे "बसतो दादा, सगळे टाकतात." बसेल की, पण त्याची उंची कमी आणि माझ्या गाडीची साइज ती नाही, १२०/८०-१७ हा पल्सर २२० च्या मागचा. त्याच्याकडे पडून होता म्हणून मला बसत होता. शिवाय पक्कं बिल पाहिजे म्हणल्यावर भाव बदलला, बिलाशिवाय एक आणि बिलासकट एक. तिथनं निघालो.

तिसरं दुकान म्हणजे बाबांचं नेहमीचं. मालक बाबांचा शाळेतला विद्यार्थी, आता स्वतः पन्नाशीला आलाय तरी बाबांना बघून उठून उभा राहतो. बाबा बरोबरच होते. मी आपला हिमालयनचं विचारत होतो तोपर्यंत बाबांनी स्प्लेंडरचं चाक दाखवून टाकलं. तो खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "गुरुजी, ह्याच्यावर तुम्ही घरी कसे जाणार?" झालं. जे मला वर्षभर जमलं नाही ते त्या एका वाक्याने झालं.

मी म्हणलं बाबा पंधरा दिवस थांबा, जीएसटी कमी होतोय. टायर १,७५० चा होता, २२ नंतर १,६१५ च्या आसपास पडला असता. बाबा म्हणाले एकशेपस्तीस रुपयासाठी पंधरा दिवस चालत जाऊ का मंडईत. बसवला. रॅकवरून टायर काढला, तारीख मी बघितली तर जूनमधला निघाला, ट्यूब पण नवीन टाकली, चाक काढून परत बसवून चेन टाइट करून अर्धा तास पण लागला नाही, जुना टायर तिथेच ठेवून घेतला. स्प्लेंडरच्या टायरबद्दल ऑनलाइनचा विचार करायचं कारणच नाही. ही साइज गावोगाव रोज खपते त्यामुळे दुकानात माल जुना व्हायला वेळच मिळत नाही.

हिमालयनचं विचारलं तर म्हणाला मागचा कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरकडून मागवतो, ३,७०० सांगतोय आज, जीएसटीनंतर बघू. पुढचा २१ इंची विचारून सांगतो. त्याच्या "विचारून सांगतो" वर मी तेव्हा फारसा भरवसा ठेवला नाही.

१० सप्टेंबर

दोन रात्री ऑनलाइन चाळण्यात गेल्या. लिहून ठेवतो, परत कोणाला तरी उपयोग होईल.

नावात "हिमालयनसाठी" लिहिलंय म्हणून भुलायचं नाही, खाली साइज बघायची, एका ठिकाणी वर हिमालयन आणि खाली १८ इंची टायर होता. ट्यूबलेस लिहिलेला टायर तारांच्या चाकात ट्यूब टाकून चालतो, त्याने घाबरायचं नाही, पण "ट्यूबसहित" असा शब्द स्पष्ट नसेल तर ट्यूब येत नाही असंच धरायचं. फोटो कंपनीचा असतो, तुमच्या घरी येणाऱ्या टायरचा नसतो, हे कळतं सगळ्यांना पण तरी आपण फोटो बघूनच ठरवतो.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. एकाही विक्रेत्याने बनवल्याचा आठवडा लिहिलेला नाही. प्रश्न-उत्तरांत कोणीतरी विचारलेलं असतं मॅन्युफॅक्चरिंग डेट काय, खाली उत्तर असतं "फ्रेश स्टॉक". भाजीवाला पण एवढ्या आत्मविश्वासाने सांगत नाही. आणि रिव्ह्यू वाचून काही कळत नाही कारण निम्म्या लोकांनी पाच स्टार डिलिव्हरी लवकर आली म्हणून दिलेत, टायर अजून बसवलेलाच नाही, आणि एक स्टारवाल्यांपैकी निम्म्यांनी साइज न बघता मागवलेला.

परत करायच्या अटी वाचल्या. रिमवर चढवलेला टायर परत घेत नाहीत. हे बरोबरच आहे म्हणा, पण ह्याचा अर्थ असा की जे काय बघायचं ते चढवायच्या आधी बघायचं.

भाव. पुढचा, गाडीला आलेला होता तोच सीएट, ऑनलाइन आज २,९५०. मागचा ३,५२५. म्हणजे मागच्यात दुकानापेक्षा १७५ कमी. पिनकोड ४१५००१ टाकल्यावर निम्मे विक्रेते गायब होतात, जे राहतात त्यातले बरेच हरियाणा नाहीतर दिल्लीचे. सीएटचा दुचाकी टायरचा प्लांट आपल्याच राज्यात, नागपूरजवळ बुटीबोरीला, आणि मला टायर येणार हरियाणातून, असो.

काही कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर पैसे भरून जवळच्या डीलरकडे बसवून घ्यायची सोय असते, ते मला पटलं होतं, पण माझ्या साइजला साताऱ्यात डीलर दाखवला नाही. कारवाल्यांचं बरंय.

१४ सप्टेंबर

पुण्यातल्या मित्राला नाना पेठेत पाठवलं. तिथे दुचाकीच्या पार्टची दुकानं एवढी की साइज सांगायची खोटी, पण त्याला गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला असं म्हणतो. मागचा दुकानातल्या भावापेक्षा शंभर-दीडशे कमी सांगितला, पुढचा एकाकडे होता. एसटीने पार्सल टाकतो म्हणाला. म्हणजे तारीख बघायला माणूस आहे आणि पुढचे सगळे उद्योग माझे. राखीव पर्याय म्हणून ठेवला.

त्याने एका दुकानात बाहेरच्या देशातला एक टायर पण बघितला, अॅडव्हेंचर गाड्यांना टाकतात तसला, ग्रिप भारी असते म्हणे. मी नको म्हणलं. २०२० च्या जूनमध्ये सरकारने नवीन टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, लायसन्सशिवाय आणता येत नाही, तेव्हापासून असले टायर मधूनच येतात आणि मधूनच गायब होतात, आणि जे कोपऱ्यात पडलेले असतात ते किती वर्षं पडलेत ते तारखेवरूनच कळतं. शिवाय इथे विकायच्या टायरवर आयएसआयचा शिक्का पाहिजे, दुचाकी-तीनचाकीच्या टायरला आयएस १५६२७ हा नंबर. तो साइडवॉलवर छापलेला असतो, स्टिकर नाही. मित्राला फोटो काढायला लावला, त्याच्यावर शिक्का कुठे दिसला नाही. दुकानदार म्हणाला इम्पोर्टेड मालाला लागत नाही. लागतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सकाळी घट बसवले आणि लगेच मोबाइल उघडला. पुढचा २,७२०, मागचा ३,२५०. दोन-तीन विक्रेत्यांनी कालचाच भाव ठेवलाय, त्यांना बहुतेक बातमी पोचली नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला जुन्या मालावर नवीन रेटने बिल करतोय, मागचा ३,४०० ला देतो, पुढच्याचं अजून डिस्ट्रिब्युटरकडून कळलं नाही, दसऱ्यानंतर बघू.

ठरवलं की पुढचा ऑनलाइन, मागचा दुकानातून. कारण सरळ आहे, पुढची साइज इथे कोणी ठेवत नाही. २१ ची ट्यूब पण इथे मिळायची मारामार होईल म्हणून ती आणि दोन रिम टेप (तारांच्या टोकांपासून ट्यूब वाचवायला रिमवर बसवायची पट्टी) वेगळ्या विक्रेत्याकडून ऑर्डर केल्या. ट्यूबचं लोकांच्या लक्षात येत नाही, टायर येऊन पडतो आणि चाक उघडून बसल्यावर शोधाशोध चालू होते.

२७ सप्टेंबर

ट्यूब आणि रिम टेप कालच आल्या, व्यवस्थित, खोक्यात, ट्यूबला टाल्कम लावलेली, काही म्हणायला जागा नाही.

टायर आज आला. खोकं नाही, नुसता प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेला, दोन ठिकाणी बांधून दाबलेला, त्यामुळे बीड (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा) आत वळलेले. ह्याने बिघडत नाही, उन्हात तासभर मोकळा ठेवला की बराचसा आकारात येतो. बिलावर आयजीएसटी १८ टक्के, परराज्यातून आलाय म्हणून, गावातल्या बिलावर ९ आणि ९ असतं.

मग तारीख बघितली. ४९२३.

२०२३चा डिसेंबर. पावणेदोन वर्षं जुना टायर नवीन म्हणून. आता ह्याच्यावर दोन बाजू आहेत हे मला मान्य आहे, थंड अंधाऱ्या गोडाऊनमध्ये उभा ठेवलेला टायर दोन वर्षांत काही मरत नाही आणि काही लोक उगाच महिन्याभराच्या तारखेसाठी भांडतात. वर्षाच्या आतला असता तर मी गप्प चढवला असता. पण माझा पुढचा टायर नक्षीने कधीच संपत नाही, तो वयानेच मरतो, सहा वर्षं चालवायचा त्यातली जवळजवळ दोन त्याने कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलीत काय माहीत. आणि भाव ताज्या मालाचाच. ज्या टायरची नक्षी वर्षभरात संपते, समजा रोज शंभर किमी चालणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचा मागचा, त्याला ही तारीख काही फरक पाडत नाही.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं टायरला एक्स्पायरी नसते. रिटर्न टाकला.

३० सप्टेंबर

रिटर्नचा पिकअप दोनदा येऊन गेला. पहिल्या मुलाचं म्हणणं ओरिजिनल पॅकिंग पाहिजे. मी म्हणलं पॅकिंग म्हणजे ही पट्टी, ती कापल्याशिवाय तारीख दिसत नव्हती कारण लेबल बरोबर तिच्यावरच होतं. मुलगा भला होता पण त्याच्या अॅपमध्ये टिकमार्क केल्याशिवाय पुढे जात नव्हतं. दुसऱ्या वेळेस मी स्वतःच गोणपाटात शिवून वर चिठ्ठी लावली, तेव्हा नेला. पैसे कार्डवर परत येतील, आठवडाभर.

ह्या सगळ्यात वाईट वागला असा कोणी नाही, विक्रेता मेसेजला उत्तर देत होता, मुलगा ऊन खात होता, कस्टमर केअरची बाई सॉरी म्हणत होती, फक्त टायर हातात घेऊन तारीख बघायचं काम कोणाचंच नव्हतं. दुकानात ते तीस सेकंदात होतं, आणि नाही आवडला तर "दुसरा दाखवा".

दरम्यान पुण्याच्या त्याच मित्राने त्याच्या गाडीला त्याच साइटवरून, दुसऱ्या विक्रेत्याकडून, सेम टायर मागवला, त्याला २९२५ आला. जुलैचा. तो मला फोटो पाठवून हसतोय.

२ ऑक्टोबर, दसरा

दोन्ही गाड्या धुतल्या, झेंडूचे हार, नारळ. हिमालयनची पूजा गोट्या टायरवरच झाली.

४ ऑक्टोबर

दुकानातून फोन. "दादा, मागचा आलाय, आणि पुढचा पण टाकून घेतलाय गाडीत, बघून जावा, नको असला तर ठेवतो मी." त्याने डिस्ट्रिब्युटरकडे जोडी म्हणून मागणी टाकली होती. एकटा पुढचा मागितला की ते लोक टाळतात, जोडी म्हणलं की त्यांच्या गाडीत जागा होते, हे त्याचं गणित. मला कसं सुचणार हे.

जाऊन बघितलं. मागचा ३१२५, पुढचा २७२५. दोन्ही ह्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातले. आयएसआय शिक्का आहे, फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, ५४एस ६४एस बरोबर. पुढच्याला २,८५० म्हणाला, ऑनलाइनपेक्षा १३० जास्त. बाबांचं नाव काढून काही कमी करता येतं का बघितलं, तो म्हणाला गुरुजींना सांगू का तुम्ही भाव करताय म्हणून. गप्प पैसे दिले.

पक्कं बिल घेतलं, दोन्ही टायरचे सिरियल नंबर त्याच्यावर लिहून घेतले. वॉरंटीचं लोकांना वाटतं तसं नसतं, खिळा, काच, खड्ड्यात आपटून फुगा आला ह्याला काही मिळत नाही, बनवण्यातला दोष असेल तरच, आणि तेव्हासुद्धा साधारण उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने पैसे वजा करून. क्लेम डीलरमार्फत कंपनीच्या माणसाकडे जातो. हरियाणाच्या बिलावर पण जातो, कंपनी तीच आहे, पण टायर घेऊन उभं कोणाच्या काउंटरवर राहायचं हा प्रश्न उरतो.

५ ऑक्टोबर, रविवार

बसवायचा दिवस. खरं काम हे.

हिमालयनला मेन स्टँड आहे हे फार बरंय. आधी मागचं चाक काढलं, मग इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं. चाकं घरीच काढली कारण दुकानातला मुलगा एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) गाडी बघून जरा बिचकतो, आणि त्याचं बरोबर आहे. डिस्कच्या आत खाचांची एक चकती असते, सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग वाचतो, चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूने आपटलं आणि ती चकती वाकली की मीटरवर एबीएसचा दिवा कायमचा लागतो. चाक नेहमी जुन्या टायरवर आडवं ठेवायचं म्हणजे डिस्क अधांतरी राहते. आणि चाक काढल्यावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅड बाहेर येऊन चिकटतात. भाचा शेजारी उभा होता, त्याला आधीच लांब पाठवलं.

दोन्ही चाकं स्प्लेंडरवर आडवी बांधून दुकानात. वाटेत तिघांनी विचारलं गाडी कुठाय.

दुकानात हातानेच काढतात, मशीन कारसाठी. टॉमीने (लोखंडी पट्टीने) जुना टायर उचलायला पुढच्याला बराच जोर लागला, सहा वर्षांनी बीड रिमला चिकटून बसलेला. आत रिम टेप कुजलेली, दोन तारांच्या निपलना (टोकांच्या नटना) गंज, ट्यूबवर टेपचे पांढरे वण. ह्याच्यावर मी ताशी नव्वदने जात होतो. मालकाने स्वतः सँडपेपरने निपल घासून दिले, नवीन टेप बसवली आणि चाक फिरवून आउट (चाक डुलतं का ते) बघितला, मागच्यात किंचित निघाला, दोन तारा ओढून काढला. ह्याचे त्याने वेगळे पैसे लावले नाहीत. बाहेरून आणलेल्या टायरला लावतो, चाकाला दोनशे, आपल्याकडून घेतला तर शंभर, पाटीच आहे भिंतीवर. आधी मला ही पाटी म्हणजे अडवणूक वाटायची. तासभर त्याला घाम गाळताना बघितल्यावर शंभर रुपये कमीच वाटले.

ट्यूब टाकताना थोडी हवा भरून घातली म्हणजे पीळ पडत नाही, नवीन ट्यूब टॉमीखाली चिमटून फुटते ती ह्याच आळसामुळे. पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ, बाण फिरण्याच्या दिशेने. बीडला साबणाचं पाणी. मागचा फट फट करून दोन आवाजात बसला. पुढचा बसेना, एका बाजूला रेघ रिमपासून आत राहिली होती, साइडवॉलवर रिमच्या कडेने एक बारीक रेघ असते ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, नाहीतर चाक उड्या मारतं. हवा सोडून परत साबण लावून परत भरली, मग बसला. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळायचा नाही, टोपणाकडे सरकवून ठेवायचा, ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होताना दिसतो.

घरी येऊन चाकं चढवली, चेनचा ढिलेपणा बघितला, दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या, ब्रेक पंप करून प्रेशर आणलं, हवा मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी. एबीएसचा दिवा गाडी हलल्यावर विझला. हुश्श.

नक्षीची खोली मोजली, मागे मध्यभागी आठ मिमीच्या जवळ. जुन्यात एक पण नव्हती.

१२ ऑक्टोबर

नवीन टायर पहिले दीडशे-दोनशे किमी गुळगुळीत असतो, साच्यातून काढताना लागलेला थर असतो वर, तो घासून जाईपर्यंत वळणात झोपवायची नाही आणि कचकन ब्रेक मारायचा नाही. हा आठवडा ऑफिसला जाऊन-येऊन तेवढंच केलं. आज ठोसेघर आणि वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत. सज्जनगड फाट्याच्या पुढे रस्ता ओला होता, पुढचं चाक जिथे ठेवलं तिथे राहिलं. ग्रिप वाढली का माझा विश्वास वाढला हे वेगळं करून सांगता येत नाही, पण जुन्या टायरला वळणाच्या आधी जो हात आपोआप आखडायचा तो आखडला नाही. आवाज थोडा जास्त येतो साठच्या वर, नक्षीचे गट्टे नवीन आहेत, जाईल.

परत येऊन हवा चेक केली, मागची दोन पीएसआयने कमी. व्हॉल्व्हची पिन ढिली होती, आवळली. दुकानात सांगितलं तर तो म्हणाला आणा इकडे, पिनच बदलून देतो. दिली बदलून.

१८ ऑक्टोबर

हिशोब. टायर ३,४०० आणि २,८५०. मागची ट्यूब दुकानातून ४२०, पुढची ऑनलाइन ४८०, रिम टेप दोन १२०, बसवणावळ २००. एकूण ७,४७०.

सगळं ऑनलाइन घेतलं असतं तर २,७२० आणि ३,२५०, ट्यूब दोन मिळून ९३०, टेप दोन्ही एकाच ठिकाणाहून १००, आणि बाहेरचा माल म्हणून बसवणावळ ४००, म्हणजे ७,४००. सत्तर रुपयांचा फरक. लोक ऑनलाइनचा आकडा आणि दुकानाचा आकडा शेजारी ठेवतात तेव्हा त्यात बसवणं, ट्यूब, तारीख ह्यातलं काहीच नसतं.

हे सगळ्यांना लागू नाही. गावात असा दुकानदार नसेल जो जोडी मागवून घेईल, किंवा मोठी गाडी असेल जिचा टायर डिस्ट्रिब्युटरकडेच नसतो, तर ऑनलाइनशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा मागवावा, पट्टी सोडताना व्हिडिओ काढावा, तारीख बघेपर्यंत दुकानात नेऊ नये. मला परत हिमालयनची २१ ची ट्यूब लागली तर मी ऑनलाइनच मागवणार, टायर मात्र फोन करून.

रिफंड काल आला. दुकानदाराने आता माझ्याकडून हिमालयनच्या दोन्ही साइज आणि ट्यूबचे नंबर कागदावर लिहून घेतलेत आणि काउंटरच्या काचेखाली ठेवलेत, म्हणे गावात अजून चार-पाच हिमालयन आहेत, तुमच्यामुळे कळलं काय मागवायचं ते. एकाला आधीच पाठवलं मी त्याच्याकडे. उद्या सामान बांधायचं, मागच्यात पिलियनची, म्हणजे मागे माणूस बसल्यावर लागते तेवढी, हवा भरायची, आणि बाबांनी आज हळूच सांगितलंय की स्प्लेंडरचा पुढचा पण बघून घे एकदा.